गाईडचा मेल न उघडता आज एकोणीस दिवस झाले

अर्धाप्रबंध | सोमवार, रात्री १.४०

नवा आयडी काढून लिहितेय. जुन्या आयडीला इथले बरेच जण प्रत्यक्ष ओळखतात, आणि त्यातले दोघे माझ्याच डिपार्टमेंटचे आहेत.

पीएचडीचं पाचवं वर्ष चालू आहे. तिसरं प्रकरण गाईडना पाठवलं, चार दिवसांत त्यांचं उत्तर आलं आणि ते मी अजून उघडलेलं नाही. फोनवर त्या मेलची पहिली ओळ अर्धीच दिसते. 'प्रकरण वाचलं. मला असं वाटतं की' आणि तिथे तुटते. त्या 'की'च्या पुढे काय असेल याच्या शंभरेक आवृत्त्या मी मनात लिहून काढल्यात. एवढ्यात प्रबंधाची एक झाली असती.

रोज सकाळी लॅपटॉप उघडते, संदर्भसूचीतले स्वल्पविराम सारखे करते, बंद करते. त्यांच्या केबिनवरून जावं लागू नये म्हणून मागच्या जिन्याने चढते. रात्री तीनच्या आत डोळा लागत नाही. घरून 'कधी संपणार?' आलं की 'होतंय, होतंय'. पूर्वी विषयाबद्दल बोलायला लागले की लोक मला थांबवायचे, आता विषयाचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो.

गाईड वाईट नाहीत, हे मुद्दाम सांगते. खडूस असते तर निदान त्यांच्या नावाने बोटं मोडता आली असती.

प्रश्न एवढाच आहे की हा आळस म्हणायचा की आजार? लिहितानाही वाटतंय, लोकांना खरे प्रॉब्लेम असतात आणि मी एका मेलसाठी धागा काढतेय.

रात्रपाळी | सोमवार, रात्री २.०५

धाग्याला हजर. माझा विक्रम त्रेचाळीस दिवसांचा आहे, तेव्हा तुम्हाला अजून हौशी गटात धरू.

मी त्यांच्या पत्त्यावरून येणारे मेल आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये जातील अशी सोयच करून ठेवली होती. फोल्डरचं नाव 'नंतर'. परिषदेचा प्रवासखर्च मंजूर झाल्याचं पत्रही त्यातच पडलं होतं, मुदत उलटून गेल्यावर सापडलं.

काल उघडला असता तर साधा मेल होता, आज 'इतके दिवस का नाही उघडला' हेही त्याला चिकटलंय. मेल तेवढाच राहतो, वर व्याज चढत जातं. पहाटे तीनला जागे असणारे इथे बरेच सापडतील, एवढं मात्र नक्की.

जुनाखोड | सोमवार, सकाळी ७.१०

कटू वाटेल, पण लिहितो. हल्ली प्रत्येक गोष्टीला आजाराचं नाव द्यायची घाई झाली आहे. संशोधन हे अवघड काम आहे, त्यात भीती वाटणारच. चौतीस वर्षं शिकवलं, स्वतःचा प्रबंध दोनदा परत आलेला पाहिला. मेल उघडा, वाचा, कामाला लागा.

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ७.२५

काका, 'मेल उघडा' हे त्यांना तुमच्या आधी एकोणीस दिवस रोज सुचलेलं असणार.

आकडेमोड | सोमवार, सकाळी ११.३०

जुनाखोड यांच्या प्रतिसादावरून. भीती सगळ्यांनाच वाटते, मान्य. ती या मंडळींत इतरांपेक्षा जास्त आहे का, हे मोजलं गेलंय.

२०१७ साली बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून थोड्या अधिक जणांना मानसिक ताणाची किमान दोन लक्षणं होती, आणि ३२ टक्क्यांना चार किंवा अधिक, म्हणजे प्रकरण आजाराकडे झुकू शकेल इतकी. उच्चशिक्षित पण पीएचडी न करणाऱ्यांशी तुलना केली तर हे प्रमाण दुपटीच्याही वर होतं. पुढच्या वर्षी 'नेचर बायोटेक्नॉलॉजी' या संशोधनपत्रिकेत २६ देशांतल्या २,२७९ विद्यार्थ्यांची पाहणी आली. ४१ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंता, ३९ टक्क्यांमध्ये त्याच पातळीचं नैराश्य. 'पीएचडीवाल्यांना सहापट नैराश्य' हे जे वाक्य सगळीकडे फिरतं ते तिथलं.

त्या सहापटीवर माझा स्वतःचा फार विश्वास नाही. सोशल मीडियावरून आणि ईमेलने आवाहन करून जमवलेली माणसं होती ती. अशी प्रश्नावली कोण भरणार? ज्याला दुखतंय तोच आधी भरणार. शिवाय प्रश्नावलीतले गुण म्हणजे डॉक्टरांचं निदान नव्हे.

मला पटलेला अभ्यास स्वीडनचा, २०२४ मध्ये बाहेर आलेला. तिथे कुणाला काही विचारलंच नाही. देशातल्या पीएचडी करणाऱ्यांच्या औषधांच्या सरकारी नोंदी पाहिल्या. प्रवेश घेण्याआधी हे लोक मनोविकारांची औषधं साधारण इतर मास्टर्सवाल्यांइतकीच घेत होते. पीएचडी सुरू झाल्यावर प्रमाण चढत गेलं आणि पाचव्या वर्षापर्यंत आधीच्यापेक्षा ४० टक्क्यांनी वाढलं. त्यानंतर खाली आलं. म्हणजे 'मुळातच हळवी माणसं इकडे येतात' हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. आणि स्वीडनमध्ये बहुतेक पीएचडी विद्यार्थी पगारी नोकरदार असतात, तेव्हा सगळं खापर तुटपुंज्या स्टायपेंडवरही फोडता येत नाही.

धागाकर्तीचं पाचवंच वर्ष चालू आहे हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

वाचनमात्र | सोमवार, दुपारी १२.१५

वाचतेय. चौथं वर्ष. मागचा जिना आमच्याकडेही आहे.

दुसरी_बाजू | सोमवार, रात्री ९.५०

मी गाईड आहे. अकरा विद्यार्थी आहेत माझ्याकडे, तेव्हा टेबलाच्या पलीकडून लिहितो.

विद्यार्थी गप्प झाला की पहिला आठवडा आमच्या लक्षातही येत नाही. खरंच येत नाही. परीक्षेचे पेपर, समितीच्या बैठका, कुणाचं तरी शिफारसपत्र. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आठवण होते आणि वाटतं, काम चालू असेल. महिन्याने जरा राग येतो. त्यानंतर जे येतं ते कुणी कबूल करत नाही. वाटतं, मी काही जास्त लागेल असं लिहिलं का? आणि मग आपणही टाळायला लागतो. कॉरिडॉरमध्ये समोरासमोर येऊ नये म्हणून विद्यार्थी मागच्या जिन्याने जातो, आणि गाईड मोबाइलमध्ये डोकं घालून पुढच्या. दोघंही लपलेले.

मीही हे केलंय. एका मुलाचं प्रकरण अडीच महिने वाचलं नाही. सुरुवातीला वेळ नव्हता. नंतर वेळ होता, पण आता कुठल्या तोंडाने उघडू असं झालं. त्या मुलाला वाटत राहिलं की काम इतकं टाकाऊ आहे की सर बोलतही नाहीत. प्रकरण चांगलं होतं.

धाग्यात विद्यार्थ्यांचंच बोलणं चाललंय म्हणून थोडं आमच्याबद्दल. पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या नोकरीची, दोन-दोन वर्षांची कंत्राटं, दर वेळी नवं शहर, कायम होण्याआधीची टांगती तलवार, आणि कायम झाल्यावर 'आता कसली तक्रार' म्हणून तोंडाला लागलेलं कुलूप. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नाही, कामाशी निगडित घटना म्हणून. तीन खुणा दिल्या आहेत. शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामाबद्दल मन विटणं, आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. पहिली आणि तिसरी खूण प्राध्यापक लोक चारचौघांत बोलूनही दाखवतात. दुसरी खूण लपवतात. विद्यार्थ्याचा उत्साह बघून चिडचिड व्हायला लागली की समजावं.

आता तुमचं. मेल न उघडताही दोन ओळी पाठवता येतात. 'सर, गेले काही दिवस तब्येत ठीक नव्हती, तुमचं उत्तर अजून वाचलेलं नाही. येत्या शुक्रवारपर्यंत वाचून कळवते.' एवढंच. माफीचा पाढा नको, कारणांची यादी नको. असा मेल आला की निम्म्या गाईडांना आधी हायसं वाटतं. उरलेल्या निम्म्यांना मेल पाठवलेला आठवतच नसतो.

खुर्चीसमोरून | मंगळवार, सकाळी १०.०५

मी समुपदेशक आहे, विद्यापीठात काम करते. ऑनलाइन निदान होत नसतं, म्हणून सावधपणे लिहिते.

आळसाचं म्हणाल तर आळशी माणूस मजेत असतो. काम टाळून तो काहीतरी आवडीचं करतो आणि रात्री गाढ झोपतो. तुम्ही टाळताही आहात आणि दिवसभर त्याच्याच विचारात आहात. म्हणजे काम केल्याचा थकवा आहे, फक्त काम झालेलं नाही.

टाळण्याची यंत्रणा समजून घ्या, ती फार साधी आहे. मेलवर बोट नेलं की छातीत धडधड. बोट मागे घेतलं की सुटल्यासारखं वाटतं. ती सुटका हेच बक्षीस. मेंदू शिकतो की न उघडल्याने बरं वाटतं. दर वेळी हा धडा पक्का होतो आणि पुढच्या वेळी धडधड आधीपेक्षा लवकर सुरू होते. यात इच्छाशक्ती कमी असण्याचा प्रश्न नसतो, उलट मेंदू शिकवलेलं फार चोख शिकलाय. मोडायचं तर उलट्या बाजूने, अगदी बारीक तुकड्यांत. मेल दुसऱ्या कुणाला उघडायला द्या. त्याने वाचून फक्त एवढंच सांगायचं, की आज वाचण्यासारखा आहे की नाही. मग त्यानेच तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचा. आपण मनात ऐकतो त्या लिहिणाऱ्याच्या आवाजापेक्षा मैत्रिणीच्या आवाजात तोच मजकूर बराच मवाळ ऐकू येतो. सल्ला फारसा शास्त्रीय वाटणार नाही, पण माझ्या खोलीत मी असे मेल वाचून दाखवलेत.

आजाराचं म्हणाल तर आम्ही दोन आठवड्यांचा हिशोब बघतो. मन उदास असणं किंवा कशात रस न वाटणं, झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला अपराधी मानणं. नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, पीएचक्यू-९, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली तर कुणाशी तरी बोलायची वेळ झाली असं धरतात. तुमच्या लिहिण्यात झोप गेलीय आणि आवडीच्या विषयाची गोडी गेलीय. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. डॉक्टरांकडे गेलात तर थायरॉइड, रक्तातलं लोह वगैरे तपासायला सांगतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिथलं काही बिघडलेलं असलं तरी माणूस असाच मलूल होतो. औषध दिलंच तर फरक पडायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटायला लागलं म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नसतं.

एक प्रश्न सरळच विचारते. जगून काय करायचं, आपण नसलो तर बरं, असे विचार येतात का? विचारल्याने असे विचार डोक्यात भरवले जात नाहीत, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उत्तर 'हो' असेल, तुमचं किंवा हे वाचणाऱ्या कुणाचंही, तर धाग्यावर लिहीत बसू नका. आजच जवळच्या माणसाला सांगा, आणि तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात फोन करा. प्रबंध थांबतो. त्याला काही होत नाही.

अर्धाप्रबंध | मंगळवार, दुपारी ३.२०

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. खुर्चीसमोरून, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. पण 'एखादा छोटा अपघात होऊन दोन महिने हॉस्पिटलमध्ये पडून राहायला मिळालं तर किती बरं' हे मनात येऊन गेलंय. यात मोडतं का ते माहीत नाही.

खुर्चीसमोरून | मंगळवार, दुपारी ३.३५

हे बोलायला हवं असं आहे. घाबरून जाऊ नका, पण या आठवड्यातली वेळ घ्या, पुढच्या नको. आणि हे वाक्य जसंच्या तसं तिथे सांगा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

मध्येच_उतरलो | मंगळवार, संध्याकाळी ६.४५

चौथ्या वर्षी पीएचडी सोडली. आयडीत लिहिलंच आहे.

सोडणाऱ्यांच्या दोन गोष्टी ऐकवल्या जातात. एक, 'सोडली आणि आयुष्य बहरलं'. दुसरी, 'सोडली आणि आजतागायत पस्तावतोय'. माझं यातलं काहीच झालं नाही. सहा महिने गप्प बसलो, मग नोकरी लागली, ती बरी आहे. मधूनच जुन्या विषयावरचा एखादा पेपर वाचतो आणि त्यातली चूक सापडली की दिवस चांगला जातो.

चार वर्षं घातली, आता कशी सोडू, या एका वाक्यावर मी वर्षभर अडलो होतो. अर्कस आणि ब्लूमर या दोघा संशोधकांचा १९८५ सालचा प्रयोग मला तेव्हा कुणी सांगायला हवा होता. नाटकांच्या हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत विकली, काहींना सवलतीत. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती. पैसे गेलेत म्हणून जाणं आणि बघायचंय म्हणून जाणं यातला फरक मला थिसिसच्या बाबतीत कळायला फार वेळ लागला.

तरी तुम्ही सोडावी असं म्हणत नाही. उलट, तब्येत अशी असताना सोडायचाही निर्णय घेऊ नका आणि 'काही झालं तरी पूर्ण करीनच' ही शपथही नको. रजा मिळते का बघा. नियमांत बहुधा असते, कुणी विचारत नाही इतकंच.

आकडेमोड | मंगळवार, रात्री ८.१०

अवांतर: मेलानी स्टेफान या संशोधिकेने २०१० साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत सुचवलं होतं की प्रत्येक संशोधकाने अपयशांचा बायोडेटा लिहावा. न मिळालेल्या फेलोशिप, नाकारलेले पेपर, सगळं. २०१६ मध्ये योहानेस हाउसहोफर यांनी स्वतःचा तसा बायोडेटा नेटवर टाकला आणि तो इतका गाजला की 'माझ्या सगळ्या संशोधनापेक्षा या यादीकडे जास्त लक्ष गेलं' हे त्यांनी यादीतलं आणखी एक अपयश म्हणून नोंदवलं.

वाचनमात्र | मंगळवार, रात्री ८.४०

पण हा हाउसहोफर तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापक होता ना? पोहून पार गेलेल्याने बुडतानाचे फोटो लावायला काहीच हरकत नसते. माझ्यासारखीने तसा बायोडेटा लावला तर तो नुसता बायोडेटा होईल.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ८.४२

वाचनमात्र, आयडी बदला. लिहिता छान.

तिचा_नवरा | मंगळवार, रात्री १०.३०

बायकोची पीएचडी सात वर्षं चालली. घरच्यांच्या बाजूने थोडंसं.

'कधी संपणार?' हा प्रश्न आम्ही प्रेमानेच विचारतो. मला तीन वर्षांनी कळलं की तिला त्यात 'अजून कशी नाही संपली' ऐकू येतं. मग मी 'आज काय वाचलंस?' विचारायला लागलो. तेही चुकलं, कारण ज्या दिवशी काही वाचलेलं नसायचं त्या दिवशी तोच प्रश्न पोलीस चौकशीसारखा व्हायचा. शेवटी तिनेच नियम केला. विषय ती काढणार, मी नाही. रात्री साडेनऊनंतर तीही काढणार नाही. पहिला आठवडा आम्ही दोघं नुसतेच एकमेकांकडे बघत बसायचो, बोलायला काही उरलंच नव्हतं असं लक्षात आलं. तो आठवडा प्रबंधापेक्षा अवघड गेला.

जुनाखोड | बुधवार, सकाळी ६.५५

माझा पहिला प्रतिसाद तुटक होता. पण मुद्दा मागे घेत नाही, नीट मांडतो.

आजाराचं नाव दिलं की जबाबदारी आजाऱ्यावर येते, ही माझी खरी तक्रार आहे. आमच्या संस्थेत दोन वर्षांपूर्वी 'मनःस्वास्थ्य सप्ताह' झाला. श्वसनाचे व्यायाम, भिंतीवर सूर्योदयाची चित्रं, हजेरी सक्तीची. त्याच आठवड्यात प्रगती अहवालाची शेवटची तारीख होती, ती कुणी पुढे ढकलली नाही. पोरं श्वास रोखून अहवाल लिहीत होती.

आकडेमोड यांनी जो बेल्जियमचा अभ्यास सांगितला तो काल काढून वाचला. कामाचा भार, कामावर स्वतःचा ताबा किती, गाईडची वागण्याची पद्धत, घर आणि काम यांची ओढाताण, या गोष्टींशी ताण जोडलेला आहे असं त्यात आहे. यातली एकही गोष्ट विद्यार्थ्याच्या डोक्यात नाही.

मी निवृत्तीआधीची काही वर्षं एक साधी गोष्ट करत असे. लिखाण हातात आलं की लगेच तारीख सांगायची, अमुक दिवशी वाचून देतो. आणि वाचून झालं की मेल नाही, समोर बसवून बोलायचं, लेखी टिपा नंतर. ज्या पोरांशी असं वागलो ती गायब झाली नाहीत. आधीची झाली होती, आणि त्यांना मी आळशी म्हटलं होतं. धागाकर्तीने दवाखान्यात जावं, जरूर जावं. पण तिच्या गाईडनेही 'मला असं वाटतं की' अशी सुरुवात करू नये.

दुसरी_बाजू | बुधवार, सकाळी ९.३०

शेवटचं वाक्य वाचून पाठवलेले मेल तपासले. दहापैकी सहा तसेच सुरू होतात.

अर्धाप्रबंध | सोमवार, रात्री ९.१५

अपडेट द्यायला उशीर झाला.

मेल रूममेटला उघडायला दिला. तिने वाचला आणि म्हणाली, 'आज वाचण्यासारखा आहे, पण अटॅचमेंट आज नको.' मग मोठ्याने वाचला. 'मला असं वाटतं की दुसरा भाग आधी घ्यावा. टिपा फाईलमध्ये आहेत. मी पुढचे दोन आठवडे बाहेर आहे, घाई नाही.' संपला. मी हसले आणि मग बराच वेळ रडले. सव्वीस दिवसांतले चौदा तर ते जागेवर नव्हतेच. मागचा जिना फुकट.

फाईल चौथ्या दिवशी उघडली. एकसष्ट टिपा आहेत. बहुतेक किरकोळ, पण एक आहे, 'हा युक्तिवाद टिकत नाही, पुन्हा विचार कर.' खरंच टिकत नाही तो. मलाही तो लिहिताना माहीत होतं. ती टीप वाचून त्या दिवशी पुढे काही झालं नाही.

समुपदेशकांकडे एकदा जाऊन आले. प्रश्नावलीत सोळा आले. डॉक्टरांची वेळ गुरुवारी आहे, अपघाताचं ते वाक्य तिथेही सांगणार आहे. झोप अजून तशीच. घरी अर्धंच सांगितलंय.

दुसरी_बाजू, तुमच्या दोन ओळी जवळजवळ तशाच पाठवल्या. पाच दिवस झाले, त्यांचं उत्तर नाही.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ९.२०

म्हणजे त्रेचाळीसचा विक्रम अबाधित.

पाचव्या दिवशी मोजायला लागायचं नाही. सवय लागते.

दुसरी_बाजू | सोमवार, रात्री ९.४०

पाच दिवस म्हणजे काहीच नाही, इनबॉक्समध्ये खाली गेला असेल. शुक्रवारी एक ओळ पुन्हा टाका, संकोच करू नका.

माझ्याकडेही एक प्रकरण पडलंय, आज बाविसावा दिवस. पोरगा गेले दोन आठवडे दिसलेला नाही. त्याला आत्ता फोन करतो.